आजीची भोकरी

(मंडळाच्या मदन महल येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मदन महल स्थानकावरून मुंबईस जाणारा लोहमार्ग नाशिक रोडवरूनच जातो. याच मार्गाने माझी आजी लग्न होऊन जबलपुरास आली आणि पुढे कित्येक वर्षे दर फाल्गुनात तिच्या माहेरची द्राक्षांची करंडी येत राहिली. येथील बाजारात अनाब-ए-शाही मिळू लागली, तेव्हा तिने एक मणी चाखला व ताटली बाजूस सारली. “ही भोकरी नव्हे,” एवढेच ती म्हणाली.

भोकरी, फकडी, पांढरी साहेबी हे आपल्या मुलुखातील जुने वाण. द्राक्ष मूळचे परदेशीच. तथापि चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले आहे. थंड मुलुखात वेल हिवाळ्यात झोपी जाते; आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून आजही एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी करतात, पीक मात्र एकच घेतात. नाशिकचे जुने बागाईतदार वेल जिवंत पांगाऱ्यावर चढवीत. तारांचे मांडव मागाहून आले.

पांढरी साहेबी चवीस उत्तम, पण धरते थोडी. पुण्यास गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी तिच्याच बियांच्या रोपांतून ‘चीमा साहेबी’ निवडली. पुढे बिनबियांच्या थॉम्सनने सर्वांनाच मागे सारले. शेतकऱ्याने आमच्या आठवणींसाठी तोटा सोसावा, असे मी म्हणणार नाही. त्याला कर्ज फेडावयाचे असते.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने वाईन धोरण आखले. नाशिककडील पांढऱ्या वाईनसाठी मात्र शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही फ्रान्सची द्राक्षे लावली गेली. खाण्याच्या द्राक्षात वाईनला हवा तो साखर-आंबटपणाचा मेळ सहसा साधत नाही, हे मान्य. (मी स्वतः घेत नाही, हे आपल्या खजिनदारांस ठाऊक आहे!) तरी बाटलीवर नाशिकचे नाव असावे आणि रसात नाशिकचा जुना मणी नसावा, हे मनास लागते.

गेल्या वर्षी नाशिकच्या बाजारात मी भोकरी मागितली. “सीडलेस घ्या साहेब, बी लागणार नाही,” विक्रेता म्हणाला. आजीच्या करंडीतल्या बिया आम्ही मुले अंगणात पुरीत असू. एकही उगवली नाही. अर्धा किलो सीडलेस घेऊन मी गाडीत बसलो.