मजुरीचे मोजमाप : अमेरिका, युरोप आणि आपण



अमेरिकेतील कामकरी अधिक सुखी की युरोपातील, या प्रश्नाशी अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु हा प्रश्न आता आपल्या ओसरीवर आला आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले बरीच वर्षे अमेरिकेची वाट धरीत आली. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री आणि नळकाम करणारे कारागीर यांनाही परदेशाचे दार किलकिले झाले. अशा वेळी घरोघर पहिला प्रश्न निघतो तो पगार किती, हा. आणि बहुधा तेथेच चौकशी संपते. ती तेथे संपू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

परदेशच्या बाजाराचा आणि आपल्या मजुरीचा संबंध वऱ्हाडास नवा नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. हातात रुपया खेळू लागला, मजुरी चढली. पण त्याबरोबर धान्यही महागले. आणि 1865 साली युद्ध संपताच कापसाचा भाव उतरला. मजुरीचा आकडा एक आणि त्या मजुरीत घरी येणारी ज्वारी दुसरी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा वऱ्हाडाने तेव्हाच घेतला.

दुसरा धडा आपल्या शेतावरच आहे. आपल्याकडे रोजदार आणि सालदार असे दोन प्रकारचे गडी असतात. हंगामात रोजदाराचा रोज सालदारापेक्षा चढा असतो. पण काम नाही त्या दिवशी त्याची चूल परमेश्वराच्या हवाली. सालदाराचा रोज काढला तर कमी भरतो, परंतु ठरलेली रक्कम आणि ज्वारी यांवर त्याचे वर्ष निभते. त्याला मालकाचा जाच नसतो असे मी म्हणणार नाही. मजुरी दोन मापांनी मोजावी लागते, एक दिवसाचे आणि एक वर्षाचे, एवढेच या दाखल्यातून घ्यावे.

आता ही दोन मापे घेऊन परदेशी जाऊ. दिवसाच्या मापाने अमेरिका पुढे आहे, यात वाद नाही. कुशल माणसाचा पगार तेथे मोठा, कर कमी आणि नोकरी लवकर मिळते. जर्मनीत एकट्या राहणाऱ्या सरासरी पगारदाराच्या वेतनातून एक-तृतीयांशाहून अधिक रक्कम कर आणि विमा यांत जाते. अमेरिकेत ती चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. केवळ पाकिटाकडे पाहणारा मनुष्य अमेरिकाच निवडील.

पण वर्षाचे माप लावा. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात पगारी रजेचा हक्कच नाही. रजा मिळते ती मालकाच्या मर्जीने किंवा एखाद्या राज्याच्या कायद्याने. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा हा कायद्याचा हक्क आहे. अमेरिकन कामकरी वर्षाला सुमारे 1800 तास राबतो, जर्मन सुमारे 1340. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ, म्हणून हा फरक थोडा फुगलेला दिसतो. तरीही तो लहान नाही. जर्मन कामकरी आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, आणि आजारपणाचा विमा तेथे 1883 पासून कायद्याने आहे. अमेरिकेत बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दवाखान्याचा आधारही डळमळतो. अमेरिकेचे सरासरी आयुर्मान सुमारे 78 वर्षे आणि जर्मनीचे सुमारे 81, याचा विचार श्रीमंत अमेरिकेने करावा असाच आहे.

म्हणून युरोप म्हणजे नंदनवन असे समजू नये. युरोप हा एक देश नव्हे. बल्गेरियाचे वेतन जर्मनीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि स्पेनमध्ये 2024 साली काम शोधणाऱ्या तरुणांपैकी चौथा हिस्सा बेकार होता. ज्याच्या हाती नोकरी आहे त्याला तेथे संरक्षण, आणि जो दाराबाहेर उभा आहे त्याला दार उघडणे कठीण, असा हा प्रकार आहे.

शिवाय आपली मुले तेथे जातात ती परकी म्हणून. अमेरिकेत एच-वन-बी परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली, तर साधारणतः 60 दिवसांत दुसरी पाहावी लागते. आणि कायमच्या वास्तव्यासाठी भारतीयांची रांग फार लांब आहे, कारण नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा असतो. जर्मनीत अडसर भाषेचा. जर्मन पक्की आल्याखेरीज परिचारिकेला परिचारिका म्हणून मान्यता मिळत नाही. तेव्हा शेत गहाण टाकून कर्ज काढणाऱ्या बापाने चार गोष्टी विचाराव्यात : हाती किती पडेल, घरभाडे वजा जाता किती उरेल, आजारपणात कोण उभे राहील, आणि नोकरी गेल्यास किती दिवस तग धरता येईल.

आणि हेच चार प्रश्न, मित्रहो, आपण आपल्या गावातही विचारले पाहिजेत. किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या बाईला त्यांपैकी किती प्रश्नांचे उत्तर देता येईल? महाराष्ट्राला हा विचार परका नाही. 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा करून या राज्याने हमालाच्या मजुरीला भविष्यनिर्वाह निधीची जोड दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला 1977 साली कायद्याचे रूप आले, आणि काम मागणे हा हक्क ठरला. दिवसाच्या मजुरीला वर्षाचा आधार देण्याचे हे आपलेच प्रयत्न होते. ते वेचणीच्या शेतापर्यंत पुरते पोचलेले नाहीत.

परदेशी जाणाऱ्याने खुशाल जावे. पण जाताना जी मापे त्याच्या हाती देतो, त्याच मापांनी आपल्या शेतावर राबणाऱ्यांची मजुरी मोजण्याचे धैर्य आपण दाखवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.