व्हॅनमधला मुक्काम: आतली मांडणी कशी ठरवावी?

दिवाळी झाली, कापूस घरात येऊ लागला की आपल्या नांदगाव खंडेश्वर भागात सहलींचे बेत रंगतात. कुणी चिखलदऱ्याला निघतं, कुणी लोणारला, कुणी बहिरमच्या यात्रेला. हल्ली बरेच जण विचारतात, घरच्याच व्हॅनमध्ये मुक्काम करायचा आहे, तर आत पलंग कुठे बसवू, ओटा कुठे, कपाट कुठे? माझं म्हणणं असं, की ओटा आणि कपाट तूर्त राहू द्या. गाडीत कोण झोपणार, हे आधी ठरवा.

बहिरमलाच पाहा ना. चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरच्या अखेरीपासून ही यात्रा जानेवारीभर चालते. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबं तिथे राहुट्या ठोकून राहतात. रोडगे भाजायचे ते बाहेर निखाऱ्यावर, हंडी शिजायची ती बाहेर, आणि राहुटीत अंथरुणं. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. लहान व्हॅनला ती जशीच्या तशी लागू पडते. पाच माणसांचं कुटुंब असेल तर आजी आणि लेकरं गाडीत, बाकीचे शेजारी राहुटीत. पाचही जणांना आत कोंबण्याच्या हट्टापायी कुणालाच झोप लागत नाही.

पलंग लांबीत टाकायचा की आडवा? ईको या लहान व्हॅनची बाहेरून रुंदी १,४७५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार फूट दहा इंच. पत्र्याची आणि आतल्या अस्तराची जाडी वजा करा. मोठ्या माणसाला आडवं झोपून पाय पसरता यायचे नाहीत. आडवी जागा लेकरांपुरती. तेव्हा पलंग लांबीतच घ्या. टेपनं आतली मोकळी जागा मोजा आणि अंगणात खडूनं तेवढाच चौकोन आखून त्यात झोपून बघा. कूस वळा, उठून बसा. गादीपासून छतापर्यंत निदान तीन फूट उंची हवी, नाहीतर रात्री पाणी प्यायला उठताना डोकं आपटणार. पलंगाखाली भरपूर सामान मावावं म्हणून फळी उंच चढवण्याचा मोह होतो. तो आवरा. टोपल्या दोन कमी चालतील.

स्वयंपाकाचं सामान मागच्या दाराशी, पलंगाखालच्या ओढत्या खणात ठेवा. दार वर उघडलं, खण बाहेर ओढला, की उभ्यानं भाजी चिरता येते आणि वर दाराचं छप्परही मिळतं. शेगडी मात्र खाली, गाडीपासून दूर मांडायची. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीनं पेट घेतो. दुसरी गोष्ट तर मी हात जोडून सांगतो. चिखलदऱ्याच्या थंडीत ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन काचा लावू नका, इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपूही नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला ते कळत नाही आणि त्याचा जीव जातो. दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या ठेवा आणि तिथे मच्छरजाळी लावा.

वजनाचं गणित आपल्या शेतकऱ्याला नव्यानं शिकवायला नको. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते. व्हॅनही मागे जड झाली की घाटात पुढून हलकी होते, सुकाणू सैल लागतं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन वीस किलोचा असतो. असे दोन कॅन पुढच्या बाकाच्या पाठीमागे, जमिनीलगत, पट्ट्यानं आवळून ठेवा. छतावर फक्त गोधड्या आणि राहुटीचं कापड.

विजेसाठी गाडीच्या बॅटरीवर भिस्त ठेवू नका, सकाळी गाडी सुरू होणार नाही. पाच वॅटचा दिवा चार तास, पंधरा वॅटचा पंखा आठ तास आणि चार मोबाइल मिळून साधारण दोनशे वॅट-तास लागतात. बारा व्होल्टची, चाळीस अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी अर्धीच वापरली तरी दोनशे चाळीस मिळतात.

मेळघाटच्या जंगलात कुठेही गाडी लावून झोपता येत नाही. सेमाडोह किंवा कोलकासला वनविभागाच्या संकुलात आधी आरक्षण करा. पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीच्या रानात गाडी उतरवू नका, मुरमाची जागा शोधा.

आणि सुताराला बोलावण्याआधी कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. बाकं कायमची काढली की आसनसंख्या बदलते. म्हणून पलंग सुट्या फळ्यांचा, घडीचा करा, जो घरी आल्यावर उतरवता येईल. कायमची बांधणी करायचीच असेल तर आरटीओची लेखी परवानगी घ्या आणि विमा कंपनीलाही ते कळवा.