भेटकी, दूध आणि आमच्या सासूबाई
(महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



कलकत्त्यास नवे बिऱ्हाड केले तेव्हा बाजारातील भेटकी आम्हांस परकी वाटली होती. पुढे कळले की, हा तर आपल्या रायगडकडचा जिताडाच! ओळख पटताच भीड चेपली, आणि शेजारच्या बंगाली वहिनींकडे चाखलेली, पांढऱ्या सॉसमध्ये भाजलेली भेटकी घरी करून पाहण्याचे आम्ही ठरविले.

पहिला प्रयोग साफ फसला. भांडे ओव्हनबाहेर काढले तो वर सोनेरी साय आणि खाली पाणीच पाणी. मासा शिजताना पाणी सोडतो, हे आम्ही विसरलो होतो. तेव्हापासून भेटकीच्या अर्धा किलो बिनकाट्याच्या तुकड्यांना मीठ लावून २० मिनिटे ठेवतो, पुसून कोरडे करतो आणि पाव किलो सोललेल्या कोलंबीसह लोण्यावर दोनच मिनिटे परततो. कोलंबी वळू लागली की उतरवावी. पुढे ती ओव्हनमध्ये शिजायचीच असते, अधिक परतल्यास रबरासारखी होते. सुटलेले पाणी टाकू नये. तेवढेच दूध कमी घेऊन ते सॉसमध्ये घालावे, म्हणजे चव वाया जात नाही. मीठ मात्र बेताने.

सॉससाठी ५० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम मैदा मंद आचेवर परतावा. रंग बदलू नये, पण कच्चा वास गेला पाहिजे. मग अर्धा लिटर कोमट दूध थोडे थोडे घालीत घोटावे. पळीच्या पाठीवर जाड थर बसला की मिरपूड व किंचित जायफळ. लिंबाचा मोह टाळावा, दूध फाटते. ते पानात वाढल्यावर पिळावे. मासे व कोलंबी सॉसमध्ये मिसळून वर किसलेले चीज आणि पावाचा चुरा पसरावा, आणि तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर साधारण २० मिनिटे भाजावे.

एवढे साधले, पण आमच्या मालवणच्या सासूबाई पानावरून उठल्या! दूध आणि मासा एका भांड्यात? चरकसंहितेने हा विरुद्धाहार मानला आहे : दोन्ही रसाने मधुर, परंतु दूध शीतवीर्य आणि मासा उष्णवीर्य. आम्ही वाद घातला नाही. (त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे आमच्या घरात कुणास स्मरत नाही.) पण घरातले वडील माणूस उपाशी उठले, हे मनास लागून राहिले.

पुढच्या रविवारी एका लहान भांड्यात त्यांच्यासाठी निराळा सॉस केला : लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी नारळाचे दाट दूध, चीज वर्ज्य. मैद्याच्या आधाराने नारळाचे दूध सहसा फुटत नाही. सासूबाई जेवल्या. "तिरफळ हवं होतं गो," एवढेच म्हणाल्या. मग गावाहून तिरफळे मागविली. बिया काढून, ठेचून घातली.

त्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. दोन्ही भांडी अजून शेजारी शेजारी भाजली जातात, आणि लहान भांडे आधी संपते.