स्नायू सैल करणारी गोळी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



घरगुती औषधांविषयी बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. मी एकच औषध निवडले आहे. कारण ते आता घरोघरच्या फडताळात जाऊन बसले आहे. कंबर धरली, मान आखडली, पाय मुरगळला की आपण स्नायू सैल करण्यासाठी जी गोळी घेतो, ती.

स्नायू आखडतो तो निष्कारण नव्हे. सांध्याला अगर मणक्याला इजा झाली की भोवतालचे स्नायू ताठ होऊन तेथील हालचाल रोखतात. मोडक्या हाताला कामट्या बांधाव्यात, तशा या शरीराने स्वतःच बांधलेल्या कामट्या होत. मात्र कित्येकदा त्या अति घट्ट बसतात व त्यांचीच वेदना होऊ लागते. ती शमावी, रात्री झोप लागावी, एवढेच गोळीचे काम. फाटलेला तंतू ती सांधत नाही. शिवाय, यांतील बहुतेक औषधे दुखऱ्या स्नायूवर नव्हे, तर मेंदू व मज्जारज्जू यांवर परिणाम करतात. म्हणूनच कंबरेसाठी घेतलेल्या गोळीने डोळ्यांवर झापड येते आणि तोल जातो. मुरगळलेल्या घोट्याला तर तिची सहसा गरजच नसते.

माझ्या मातोश्रींची कंबर धरली तेव्हा मीच त्यांना टिझानिडिन दिले, चार दिवसांपुरते. पाचव्या दिवशी मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या येतच राहिल्या. पुढे लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले. ही दोन औषधे कधीही एकत्र द्यावयाची नसतात. दुसऱ्यामुळे पहिल्याचा रक्तातील प्रभाव सुमारे दहापट वाढतो व रक्तदाब एकाएकी उतरतो. त्या रात्री मोरीच्या उंबऱ्याशी त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या डॉक्टरांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? घरात कोणती गोळी चालू आहे, हे त्यांस सांगावयाचे होते ते मी.

दुसरे औषध थायोकॉल्चिकोसाइड. ते कळलावीतील द्रव्यापासून तयार करतात. होय, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच कळलावी! तिचा कंद विषारी, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. गोळीच्या चकचकीत पट्टीवर ती ओळख राहत नाही, एवढेच. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली या औषधास मर्यादा घातल्या. गोळ्या ७ दिवसांहून अधिक नाहीत, इंजेक्शने ५ दिवसांहून अधिक नाहीत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व १६ वर्षांखालील मुले यांना मुळीच नाही. शरीरात त्यापासून बनणारे एक द्रव्य पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकते, हे त्याचे कारण. आपल्याकडे मात्र नव्या सुनेची कंबर दुखली की सासूबाई आपल्याच पट्टीतील गोळी प्रेमाने काढून देतात.

ज्यांच्या घरी अशा पट्ट्या असतील त्यांनी त्या, चालू असलेल्या इतर सर्व औषधांसह, उद्या सकाळी मंडळाच्या कार्यालयात आणाव्यात. मी दहा वाजेपर्यंत तेथे बसलेला असेन.