शिक्षिकेच्या हाती डफ कशासाठी?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज बक्षिसे मिळविणाऱ्या सर्व मुला-मुलींचे मी मनापासून अभिनंदन करते. मला बोलायचे आहे ते मात्र या मंचावर कधी न येणाऱ्या, पुष्कळदा घराबाहेरही न येणाऱ्या मुलांविषयी, आणि त्यांना शिकवू इच्छिणाऱ्या आपल्या मुलींविषयी.

दोन वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीने विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला प्रवेश घेतला होता. अभ्यासक्रम चाळताना त्यांना त्यात संगीत दिसले. ते म्हणाले, "बाई, मला मुलीला शिक्षिका करायचे आहे, गवई नव्हे. तिचे नाव काढून घेऊ का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. त्यांना जे उत्तर दिले तेच आज आपणा सर्वांपुढे ठेवते.

विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतात. तिचा कायदा 1992 चा. परिषदेने 2015 साली लागू केलेल्या बी.एड. अभ्यासक्रमात नाट्य आणि कला हा एक छोटा भाग ठेवला आणि त्यातच संगीत आले. त्याचा हेतू मैफल गाजवणे हा नव्हे. जे मूल शब्दाने शिकत नाही त्याला दुसऱ्या कोणत्या वाटेने शिकविता येईल, हे शोधण्याचा तो अभ्यास आहे.

एक साधे उदाहरण घ्या. डफ मध्ये ठेवायचा. शिक्षिकेने एक थाप मारायची, मग मुलाने एक. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ वाटेल. पण त्या मुलाने थांबायला, समोरच्याकडे पाहायला आणि 'आधी बाईंचा नंबर, मग माझा' हे समजायला शिकलेले असते. संवादाची सुरुवात इथूनच होते. हात धुणे, डबा उघडणे, दप्तर भरणे ही कामे रोज त्याच चालीवर म्हटली की पुढे काय करायचे ते मुलाच्या लक्षात राहते. थाप थांबली की आपणही थांबायचे, या खेळातून चंचल मुलाला स्वतःला आवरण्याचा सराव होतो.

आपण विचाराल, बहिऱ्या मुलाला संगीताचे काय? स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. तरीही त्या जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. नादाची कंपने त्या अंगाने ओळखतात आणि त्यासाठी पुष्कळदा अनवाणी वाजवितात. अंध मुलांची लिपी देणारे लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवीत. 1829 साली त्यांनी आपली ठिपक्यांची पद्धत प्रसिद्ध केली ती शब्दांबरोबर संगीत लिहिण्यासाठीही होती. इंग्लंडमध्ये 1959 साली पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष मुलांचे शिक्षक एकत्र आले आणि मुलांसाठी संगीतोपचाराची एक पद्धत उभी राहिली.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. संगीताने व्यंग बरे होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. संगीतोपचार हे वेगळे शास्त्र आहे, बी.एड.च्या एका भागाने कोणी उपचारक होत नाही. शिवाय न शिकता वापरलेले संगीत त्रासदायकही होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात मोठ्या आवाजात टेप लावीत असे. एक मुलगा कान झाकून टेबलाखाली जाऊन बसे. मी त्याला हट्टी समजून रागावले. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना मोठा आवाज सहन होत नाही हे मला पुढे कळले. त्या मुलाची माफी मागायची माझी आजही राहून गेली आहे. आवाज केव्हा बंद ठेवावा, हेही या अभ्यासात शिकावे लागते.

आता धर्माचा प्रश्न. मी आलिम नाही. वाद्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो निर्णय प्रत्येक घराने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारून घ्यावा. मी एवढेच सांगेन की, या कामापैकी बरेचसे टाळी, डफ आणि स्वतःचा आवाज यांवर होऊ शकते. आणि इतिहासही पाहा. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायझीद याने 1488 साली पुऱ्या केलेल्या वास्तुसमूहात मशिदीबरोबर इस्पितळ होते. तेथे मनोरुग्णांना संगीत ऐकवीत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी याने लिहून ठेवले आहे.

विद्यार्थिनींनो, गोड गळा नसला तरी चालेल. ठेका स्थिर ठेवता यावा, मुलाच्या घरच्या बोलीतील, मग ती उर्दू असो, कोकणी असो की मराठी, दहा-वीस गाणी पाठ असावीत, आणि मूल कशाला प्रतिसाद देते ते रोज वहीत टिपण्याची सवय असावी. प्रवेशापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे ना, हे मात्र तपासा.

पालकहो, 2016 च्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. 40 टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा मुलाला पाहुण्यांपासून लपवू नका. दाखला काढा, शाळेत न्या.

ते गृहस्थ उठता उठता हळूच म्हणाले, "तिचा धाकटा भाऊ बोलत नाही. त्याच्यासाठीच ती हे शिकायला निघाली आहे." त्यांनी नाव काढले नाही. परवा मी त्यांच्या घरी गेले होते. मगरीबनंतर बहीण-भाऊ पितळी ताट उपडे घालून बसले होते. ती दोन थापा मारी, तो थांबे आणि तिसरी आपण मारी. तो अजून बोलत नाही. पण चौथ्या खेपेला त्याने ताट वडिलांकडे सरकवले. त्यांचा नंबर होता. त्यांनी थाप मारली.

अशा शिक्षिका आपल्या समाजातून पुढे याव्यात आणि त्यांच्या शिक्षणासाठी संस्थेने एखादी शिष्यवृत्ती ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते. जय हिंद.