गिरिजाबाई केळकर आणि आपले मत



रेणुकामातेच्या टेकडीजवळचे हे आपले पातूर. दिवसभर वावरात राबायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या, आणि मग पाटी घेऊन वर्गाला यायचे, हे सोपे नाही. तुम्ही येता, याचे आम्हांस कौतुक वाटते.

मागे एकदा आम्ही वर्गात सहज विचारले, "मत कोणाला द्यायचे, हे तुम्ही कसे ठरवता?" एक माय उठली. म्हणाली, "गुर्जी, मत टाकाले मी जाते. पन कोनाले टाकाचं, थे घरधनी सांगते." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर आम्हांला आमच्या हसण्याची लाज वाटली. कारण आमच्या घरीही पुष्कळ वर्षे हेच चालले होते. सांगणारे आम्हीच होतो.

म्हणून आज एका बाईची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव गिरिजाबाई केळकर.

गिरिजाबाईंचा जन्म १८८६ सालचा. माहेरचे नाव द्रौपदी. लग्न झाले, नाव बदलले. केळकरांच्या घरी त्या गिरिजाबाई झाल्या. त्यांचा संसार जळगावात झाला. जळगाव काही दूर नाही. अकोल्याहून आगगाडीत बसले की भुसावळनंतर जळगाव येते.

त्या काळी मुलीला शाळेत घालणारे लोक थोडे होते. बाईने चार लोकांत बोलणे कुणाला रुचत नसे. नाटकात बायकांची कामेसुद्धा पुरुषच करीत. बालगंधर्व लुगडे नेसून उभे राहिले की बघणारे भान विसरत, असे जुने लोक सांगत. म्हणजे बघा, रंगभूमीवर बाई दिसे. पण लुगडे नेसणारा पुरुष, आणि तिच्या तोंडचे शब्द लिहिणाराही बहुधा पुरुष.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे तेव्हाचे मोठे नाटककार. त्यांनी १९०७ साली 'बायकांचे बंड' नावाचे नाटक लिहिले. प्रमिला नावाच्या राणीचे स्त्रीराज्य आणि अर्जुन यांची ती जुनी कथा आहे. गिरिजाबाईंनी काय केले? त्यांनी १९१३ साली त्याला उत्तर म्हणून स्वतःच नाटक लिहिले. नाव ठेवले 'पुरुषांचे बंड'. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नाटकाला नाटकाने उत्तर! लिहिता येत होते, म्हणून उत्तर देता आले. ही गोष्ट मनात ठेवा.

पुढेही त्यांनी नाटके लिहिली. घरसंसाराविषयी लेख लिहिले. जळगावात बायकांना एकत्र आणण्यासाठी भगिनी मंडळ काढले. १९२८ साली मुंबईला नाट्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर गिरिजाबाई बसल्या. त्या खुर्चीवर त्यांच्या आधी कोणी बाई बसली नव्हती. म्हातारपणी, १९५९ साली, त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत छापली. तिचे नाव 'द्रौपदीची थाळी'. माहेरचे नाव त्यांनी असे जपून ठेवले. १९८० साली त्या वारल्या.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, यात मताचा संबंध काय?

संबंध आहे. आपले म्हणणे आपण मांडावे, हे गिरिजाबाईंनी नाटकातून केले. मत देणे म्हणजे तरी दुसरे काय? त्याच दिवसांत इतर बायका मताच्या हक्कासाठी झटत होत्या. विलायतेत सिसिली हॅमिल्टन नावाची बाई तर त्यासाठी नाटकेच लिहीत होती. आपल्याकडे १९१७ साली सरोजिनी नायडू काही बायकांना घेऊन मद्रासला गेल्या. तिथे माँटेग्यू नावाचे इंग्रज मंत्री आले होते. पुरुषांना मत देणार असाल तर बायकांनाही द्या, असे त्यांनी मागितले. आधी सरकारने ऐकले नाही. मग प्रत्येक प्रांतावर सोपवले. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी उतारवयात या कामी पुढाकार घेतला. मद्रास आणि मुंबई यांनी १९२१ साली बायकांचा हक्क मानला. मध्यप्रांतात ही गोष्ट १९२७ साली झाली.

पण तो हक्क सगळ्यांना नव्हता, बरं का. ज्याच्या नावावर जमीन किंवा मालमत्ता, त्यालाच मत. बाईच्या नावावर किती घरांत जमीन असे? मजुराला नाही, मजुराच्या बायकोला तर नाहीच. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष सगळ्यांना सारखे मत दिले ते आपल्या राज्यघटनेने. ती १९५० साली २६ जानेवारीला लागू झाली. तेव्हा मतासाठी वय एकवीस लागे. १९८९ पासून ते अठरा आहे.

आता एक खेदाची गोष्ट ऐका. १९५१-५२ साली पहिली मोठी निवडणूक झाली. याद्या करणारे लोक घरोघर गेले. पुष्कळ बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची बायको लिहा", "तमक्याची माय लिहा", असे सांगितले. अशी नावे यादीत चालेनात. समजावून सांगितले, मुदत दिली, तरीही सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळाली. मताचा हक्क मिळाला होता, पण नाव नसल्यामुळे तो हातचा गेला. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत हे जास्त घडले. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातच होता, हे ध्यानात असू द्या.

तर भगिनींनो, तीन गोष्टी करा. पहिली, आपले नाव पाटीवर रोज लिहा. दुसरी, मतदार यादीत आपले नाव स्वतः वाचून पाहा. नाव चुकले असेल तर दुरुस्त करून घ्या. तिसरी, मत आपल्या मनाने द्या. घरी चर्चा जरूर करावी, घरधन्याचे ऐकूनही घ्यावे. पण यंत्राजवळ आडोसा असतो. तिथे तुम्ही एकट्याच असता. कोणते बटण दाबले, हे कोणाला दिसत नाही आणि कोणी विचारूही नये.

आणि बंधूंनो, तुम्हांला एकच सांगणे आहे. आम्ही जी चूक केली, ती तुम्ही करू नका. गेल्या निवडणुकीला आम्ही घरी काही सांगितले नाही. मंडळी मत देऊन आली. कोणाला दिले, हे आम्ही विचारले नाही. तिने सांगितलेही नाही. तरी आमच्या संसाराचे काही बिघडले नाही.

आता पाट्या काढा. प्रत्येकाने आपले पूर्ण नाव लिहा. बायांनी आधी स्वतःचे नाव लिहावे, मग नवऱ्याचे.