ओसाकाच्या बाजारातला एक दिवस

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'आमचा जपान प्रवास' हा विषय दिला आणि वेळ दिला दहा मिनिटं. दहा मिनिटांत जपान होत नाही. म्हणून बुलेट ट्रेन, फुजी पर्वत, देवळं हे सगळं बाजूला ठेवतो आणि ओसाका शहरातला एकच दिवस सांगतो. त्या दिवशी आम्ही बाजार केला आणि खाल्लं, बस्स.

आमची मुलगी नोकरीमुळे ओसाकाला असते, हे बहुतेकांना माहीत आहे. आम्ही बापलेक सगळं खातो. ही मात्र पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. पहिले पाच दिवस हिने इथून नेलेलं मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांवर काढले. मुलीच्या मनाला ते लागलं. म्हणाली, "आई, मी रोज जे खाते त्यातला एक घासही न खाता तू परत जाणार का?" ही काही बोलली नाही. म्हणून सहाव्या दिवशी मुलीने सुट्टी काढली आणि आम्हाला बाजारात नेलं.

त्या बाजाराचं नाव कुरोमोन. कुरोमोन म्हणजे काळा दरवाजा. पूर्वी जवळच्या एका बौद्ध मंदिराला तसा दरवाजा होता, त्यावरून हे नाव पडलं. सुमारे 580 मीटर लांबीची गल्ली, वरून छप्पर, दोन्ही बाजूंना मिळून दीडशेच्या आसपास दुकानं. मासळी, मांस, भाजी, फळं, लोणची. ओसाकाचे लोक याला शहराचं स्वयंपाकघर म्हणतात, पण हल्ली गिऱ्हाइकांत आपल्यासारखे पाहुणेच जास्त, आणि भावही त्यांच्याकडे बघून लावलेले. हे माझं मत, मुलीला ते पटत नाही.

शिंपल्यात ठेवून भाजलेले मोठे कालवासारखे जीव, काडीला लावलेलं गोमांस, विषारी फुगू मासा, जो कापायला परवाना लागतो. मी काय काय खाल्लं ते इथे सांगत नाही, पुढच्या रांगेत ही बसली आहे. हिने सोयाबीनचं गार दूध घेतलं आणि स्ट्रॉबेरी खाल्ल्या. तिथे चालता चालता खाणं बरं दिसत नाही. दुकानासमोर उभं राहून खायचं आणि रिकामी काडी त्याच दुकानदाराला परत द्यायची. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच, आणि तरी कागदाचा कपटा दिसत नाही. ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय मी आज काढणार नाही, सणाचा दिवस आहे.

दुपारी उदोन खायला गेलो. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड, पांढऱ्या शेवया. कणीक भिजवायला मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. दाराशी मशीन असतं, पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची. ओसाकाचा प्रसिद्ध प्रकार म्हणजे कित्सुने उदोन. कित्सुने म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला तळलेला टोफू आवडतो अशी तिथली समजूत, म्हणून गोडसर शिजवलेला टोफूचा तुकडा वर ठेवतात. वाडग्यात मासा नाही, मांस नाही. ही खूश झाली. पण मुलीने आधी दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या बाईंनी मान तिरकी केली, दोन्ही हातांची फुली केली आणि सांगितलं की रशात मासळी आहे.

इथेच सगळी मेख आहे. जपानी रशाला दाशी म्हणतात. बहुतेक दाशीत कात्सुओबुशी असते, म्हणजे शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला मासा, त्याचा कीस. आपल्या कोकणातल्या सुकटीचा लांबचा भाऊ समजा. तो रशात उकळून गाळून टाकतात, त्यामुळे डोळ्याला काहीच दिसत नाही. त्या बाई "चालेल, खा" म्हणाल्या असत्या तर आम्हाला कधी कळलंही नसतं. त्यांनी सांगितलं, याचं हिला फार वाटलं. आम्ही दोघांनी सुर्र सुर्र आवाज करत खाल्लं, तिथे तो चालतो. ही चहा पीत बसली. मला तो वाडगा काही गोड लागला नाही.

बाहेर आल्यावर हिनेच विचारलं, "त्या दाशीत मासळीशिवाय काय असतं गं?" मुलगी म्हणाली, कोंबू. ही समुद्रातली वनस्पती, जाड चामड्याच्या पट्ट्यासारखी वाळवलेली. येते उत्तरेच्या होक्काइदोतून. पूर्वी ती जहाजांनी ओसाकाला यायची, म्हणून इथल्या रशाला कोंबूची चव जास्त. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने ज्या चवीचं मूळ शोधून काढलं आणि जिला 'उमामी' नाव दिलं, ती याच कोंबूतली. त्यातूनच पुढे अजिनोमोटो निघालं, जे आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर असतं.

झालं! ही परत बाजारात शिरली. कोंबू, वाळवलेले शिताके मशरूम, तळलेला टोफू, ताजे उदोन, फिक्या रंगाचा सोया सॉस. प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षर मुलगी वाचत होती. तयार रशाच्या बाटल्या तिने परत ठेवायला लावल्या, त्यांत मासळी निघाली.

वाटेत दोगुयासुजी नावाची भांड्यांची गल्ली लागली. हॉटेलच्या काचेत ठेवायचे प्लास्टिकचे खोटे पदार्थही तिथे मिळतात, इतके हुबेहूब की भूक लागावी. तिथे ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे गोळे करायचा बिडाचा तवा दिसला. ही ओरडलीच, "अगं, हे तर अप्पेपात्र!" घेतलं. वजन मी उचललं.

संध्याकाळी घरी दाशी झाली. कोंबू धुवायचा नाही, ओल्या फडक्याने नुसता पुसायचा. वरची पांढरी पूड म्हणजे बुरशी नव्हे, चव तिच्यातच असते. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅमच्या आसपास. तीनेक तास मशरूमबरोबर गार पाण्यात ठेवला, मंद आचेवर तापवला आणि उकळी फुटायच्या आत काढून घेतला, नाहीतर रसा बुळबुळीत होतो. मग सोया सॉस, चिमूटभर साखर, उदोन, वर टोफू.

रात्री नऊ वाजता त्या दोघी समोरासमोर बसून एकाच पातेल्यातलं जेवल्या. हिने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मुलगी हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी भांडी घासायला उठलो.

उरलेला कोंबू अजून आमच्या फडताळात आहे. कोणाला बघायचा असेल तर जरूर या. गेल्या कोजागिरीला गच्चीवर जे अप्पे तुम्ही खाल्लेत ते त्याच तव्यातले. तवा हवा असेल तर मात्र मला विचारू नका, हिला विचारा.